ताकद वाढली, ब्रेक तेच

स्तंभ : चाकावरून

२०१३ मध्ये आलेल्या पोलो जीटी टीएसआयचं इंजिन १.२ लिटरचं. कंपनीतून निघताना १०५ अश्वशक्ती, १७५ न्यूटन-मीटर टॉर्क. गाडी आपल्या चाकणची, आकाराने लहान, पण टर्बो होता आणि सात गिअरचा डीएसजी होता. पोर्शे फक्त मोबाइलच्या पडद्यावर बघणाऱ्या नाशिकच्या पोरांची स्पोर्ट्स कार हीच झाली. आज ती नवी मिळत नाही, तरी जुन्या बाजारात शोधून घेणारे आहेत. आणि घेतल्यावर पहिलं काम ठरलेलं असतं : रिमॅप.

अंबड एमआयडीसीतल्या एका गॅरेजात हे काम जवळून पाहिलं. बॉनेट उघडं, बॅटरीला चार्जर लावलेला. फाइल चढत असताना व्होल्टेज पडलं तर ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, कामातून जाऊ शकतो, म्हणून ही काळजी. गाडीतून निघालेली केबल लॅपटॉपला जोडलेली. मूळ फाइल आधी जपून ठेवायची, मग बदललेली चढवायची. बदलतात ते आकडे : टर्बोने हवा किती दाबाने भरायची, इंधन किती सोडायचं, ठिणगी नेमकी कधी पाडायची आणि कंपनीने टॉर्कला घातलेली मर्यादा कुठवर सरकवायची. एकही नट न फिरवता गाडी बदलते. मालक पोरगा चक्कर मारून आला तो फुलूनच. "भाऊ, काय ओढतेय!" मिस्त्रीने हात पुसत एवढंच विचारलं, "ब्रेक ऑइल कधी बदललंय?" पोराला सांगता येईना.

मला या आठवड्यात लिहायचंय ते या प्रश्नाबद्दल. गाडी मॉडिफाय करण्याच्या मी विरोधात नाही. यंत्र समजून घेऊन त्यात आपल्या हाताने सुधारणा करणं हा उत्तम छंद आहे. त्यातून चांगले मिस्त्री घडतात, चांगले इंजिनिअरही घडतात. माझा आक्षेप क्रमाला आहे. आधी ताकद, मग आवाज, मग अलॉय, मग स्टिकर, आणि ब्रेक-टायरचं नाव पैसे उरले तर.

डीएसजीचंच घ्या. पोलोतला तो गिअरबॉक्स कोरड्या क्लचचा, २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवलेला. १७५ आणि २५० यांच्यात जी जागा दिसते, ती कंपनीने विसरून सोडलेली नाही. मे महिन्यातल्या उन्हासाठी, हलक्या पेट्रोलसाठी, वेळेवर न झालेल्या सर्व्हिसिंगसाठी आणि द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अर्धा-अर्धा सुटणाऱ्या क्लचसाठी ती राखलेली असते. रिमॅप करताना आपण ती राखीव शिल्लक खर्च करतो. खर्च करावी, पण किती केली हे माहीत असावं. चांगला ट्यूनर ग्राहकाला हा आकडा स्वतःहून सांगतो. जो फक्त "तीस घोडे वाढतील" म्हणतो, त्याच्याकडे गाडी देऊ नये.

आता ब्रेक. वेग १०० वरून १२० वर गेला की वाढ २० टक्के, पण गाडी थांबवताना ब्रेकला पचवावी लागणारी ऊर्जा ४४ टक्के वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १५० ला ती १०० च्या सव्वादोनपट होते. ही सगळी ऊर्जा डिस्क आणि पॅडमध्ये उष्णता होऊन उतरते, तिथून कॅलिपरमध्ये आणि ब्रेक ऑइलमध्ये. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि ठरावीक प्रमाणात पाणी शोषल्यावर त्याच प्रतीची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. कसारा घाट किंवा सप्तशृंगीचा घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय राहिला की तिथवर पोचायला फार वेळ लागत नाही. ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, पेडल मऊ पडून खाली जातं आणि चाकापर्यंत दाब पोचतच नाही. हे ऑइल बदलण्याचा खर्च रिमॅपपुढे किरकोळ आहे. तरी तो केला जात नाही, कारण त्याचा फोटो काढता येत नाही.

५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. कार सपाटीवर १२० ने चालवायची परवानगी, सरळ काँक्रीट, समोर मोकळा रस्ता. रिमॅप केलेली गाडी पारखायला पोरं तिथेच जाणार, हे न कळायला आपण लहान नाही. म्हणून टायरकडे बघा. टायरच्या कडेला आकड्यांच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं. टी म्हणजे ताशी १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४० किलोमीटरपर्यंतची क्षमता, तीही हवा बरोबर असेल आणि रबर जुनं झालेलं नसेल तर. सातआठ वर्षांच्या पोलोला आधीच्या मालकाने स्वस्तातले टायर घातलेले असतात. आधी ते बदला.

आपल्या सातपूरच्या महिंद्रात बनणाऱ्या थारचीही हीच गोष्ट. तिचे १८ इंची टायर २५५/६५ चे. त्याजागी २८५/६५ चे घातले की चाकाचा व्यास जवळपास पाच टक्के वाढतो. स्पीडोमीटरने पूर्वी जिथे १०० दाखवलं असतं, तिथे खरा वेग १०५ असतो, आणि ब्रेकला जास्त जड, जास्त मोठं चाक थांबवावं लागतं. दिसायला गाडी दणकट झाली, थांबायला मात्र कमजोर.

आणि रात्री गंगापूर रोडवर ऐकू येणारे सायलेन्सरचे फटाके? ताकदीशी त्यांचा काही संबंध नाही. पाय काढल्यावरही इंधन सोडत राहायचं, ठिणगी मुद्दाम उशिरा पाडायची, म्हणजे इंधन सिलेंडरऐवजी एक्झॉस्टमध्ये पेटतं. त्यात टर्बो तापतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो, मग तो काढूनच टाकतात आणि विषारी धूर थेट बाहेर. रस्त्यालगतच्या दवाखान्यांतल्या रुग्णांना त्याचा त्रास होतो. हे बंद व्हायला हवं, आणि पोलिसांनी असे सायलेन्सर जप्त करून त्यांवर रोलर फिरवला तर मी पोलिसांच्या बाजूने आहे.

पण असे फटाके वाजवणारा आणि जबाबदारीने गाडी सुधारणारा या दोघांत फरक करायला कायदा पुरेशी वाट देत नाही, ही माझी खरी तक्रार आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्या रूपात आलं : परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हेतू सुरक्षेचा आहे आणि तो मला मान्य आहे. पण प्रामाणिक माणसाने मोठी डिस्क, चांगलं सस्पेन्शन बसवून ते कुठे दाखवायचं? तपासून घ्यायची सरळ वाट नाही, म्हणून तोही गप्प बसतो, विमा कंपनीलाही सांगत नाही, आणि अपघातानंतर दावा अडकला की घरचे हबकतात.

अशी वाट बांधता येते, हे आपण सीएनजीत करून दाखवलंय. किटला मान्यता, बसवणारा अधिकृत, नंतर आरसीवर नोंद. पेट्रोल-डिझेल गाडीला मान्यताप्राप्त इलेक्ट्रिक किट बसवण्याचीही तरतूद आहे. १९६६ पासून पुण्यात एआरएआय आहे, जिथे वाहनांच्या आणि सुट्या भागांच्या चाचण्या होतात. जर्मनीत सुटा भाग तांत्रिक अहवालासह विकत मिळतो. तो बसवला की तपासनीस गाडी बघतो आणि बदल कागदपत्रांत चढतो. रॅलीतही हेच चालतं. नाशिकच्या मातीच्या रस्त्यांवर राष्ट्रीय अजिंक्यपदाची महाराष्ट्र रॅली धावलेली आहे. त्या गाड्या आपल्या कुठल्याही पोलोपेक्षा कितीतरी जास्त बदललेल्या, पण स्क्रूटिनीत रोल केज, बेल्ट, अग्निशामक तपासून झाल्याशिवाय एकही गाडी सुटत नाही.

नाशिकमध्ये यासाठी लागणारं बरंचसं आधीच आहे. मायको सर्कलला ज्या कंपनीचं नाव मिळालं, ती आजची बॉश सातपुरात डिझेलचे इंजेक्टर आणि नोझल बनवते. मायक्रॉनमध्ये मोजमाप करणारे हात या शहरात घरोघरी आहेत. आरटीओकडे वाहनं यंत्रावर तपासणारं केंद्र आहे. व्यावसायिक वाहनं तिथे फिटनेससाठी जातात, आणि अशा केंद्रातला रोलर प्रत्येक चाकाचं ब्रेकबळ वेगळं मोजून डाव्या-उजव्यातला फरक दाखवतो.

कलम बदलणं दिल्लीचं काम आहे, त्याला वेळ लागेल. तोवर आरटीओने महिन्यातून एक रविवार खासगी गाड्यांसाठी हा रोलर खुला करावा. शुल्क घ्यावं, दंड लावू नये, निकालाचा छापील कागद मालकाच्या हातात द्यावा. अंबड-सातपूरच्या ट्यूनरांनी आपल्या बाजूने ठरवावं : हा कागद पाहिल्याशिवाय लॅपटॉप उघडायचा नाही. चार चाकांचे चार आकडे आणि ब्रेक ऑइलच्या पाण्याची एक चाचणी एवढं त्यावर असलं, तरी सुरुवातीला पुरे.