‘मो.’मधलं टिंब कुणाला खुपतं?

दाखल्यावर ‘मोहम्मद’, आधारवर ‘मोहंमद’, वडिलांच्या रेशनकार्डावर नुसतं ‘मो.’. मग खिडकीतून ठरलेलं वाक्य येतं: “नावात चूक आहे, दुरुस्त करून आणा.” मी उर्दू आणि मराठी शिकवतो. भाषेचा मास्तर म्हणून ठामपणे सांगतो, यातलं एकही लेखन चुकीचं नाही. अरबीतलं एक नाव उर्दूतून मराठीत आलं, तिथून इंग्रजी टंकलेखन यंत्रावर गेलं आणि पुन्हा देवनागरीत परतलं. इतका प्रवास करून आलेल्या नावाचे चार उच्चार आणि सहा लेखनं होणारच.

तरीही संगणक ते नाकारतो आणि आपण मान खाली घालून प्रतिज्ञापत्र करायला निघतो. म्हणून आधी हा नाकारणारा कोण आहे ते समजून घेऊ.

त्याचं नाव आहे रेग्युलर एक्स्प्रेशन. मी त्याला ‘नमुना’ म्हणतो. मजकूर कसा दिसायला हवा हे संगणकाला सांगण्याची ही एक छोटी सांकेतिक भाषा आहे. गणिती स्टीफन क्लीनी यांनी १९५०च्या दशकात तिचा पाया घातला आणि केन थॉम्प्सन यांनी १९६८ साली ती मजकूर शोधण्याच्या कामाला लावली. या भाषेत काही चिन्हांना खास अर्थ असतो. तारा म्हणजे आधीचं अक्षर कितीही वेळा, अगदी शून्य वेळासुद्धा. प्रश्नचिन्ह म्हणजे असलं तर असलं, नसलं तरी चालेल. उभी रेघ म्हणजे ‘किंवा’. आणि टिंब म्हणजे कोणतंही एक अक्षर! टिंबाला खरोखरचं टिंबच म्हणायचं असेल, तर त्याच्याआधी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते.

म्हणजे या भाषेत सगळ्यात दिलदार चिन्ह टिंब आहे. आणि अर्जाच्या चौकटीत तुम्ही ‘मो.’ लिहिलंत की लाल अक्षरांत उमटतं, ‘विशेष चिन्हं चालणार नाहीत’.

आता हा नमुना बघा: (मो|मु|म)(हम्म|हंम)द. एवढ्या एका ओळीत मोहम्मद, मोहंमद, मुहम्मद, मुहंमद, महम्मद, महंमद ही सहाही रूपं बसतात. या साधनात तऱ्हेतऱ्हेची रूपं सामावून घेण्याची ताकद आहे, ती अशी. पण आपल्याकडे त्याचा वापर होतो तो दारावरच्या पहारेकऱ्यासारखा. इंग्रजी ए ते झेड आणि रिकामी जागा, एवढंच आत, बाकीचे बाहेर. हा नियम निसर्गाने केलेला नाही. कुणीतरी खुर्चीत बसून तो टाइप केला आणि टाइप करताना स्वतःच्या ओळखीतली नावं डोळ्यांसमोर ठेवली.

विदर्भातल्या मुसलमानांची नावं कशी असतात? शेख रहीम शेख करीम. पहिला शेख मुलाचा, दुसरा बापाचा. चार शब्द आणि शेवटी आडनाव नाही. अर्जात चौकटी तीन: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मग एका ठिकाणी तो ‘रहीम करीम शेख’ होतो, दुसरीकडे ‘शेख रहीम करीम’ आणि तिसरीकडे त्याचं आडनाव करीम होतं. माणूस एकच, कागदावर तिघं. आणि पुढे संगणकच विचारतो, ‘तुमची नावं जुळत का नाहीत?’

हे फक्त आपलंच दुखणं आहे असं कुणी समजू नये. वसईच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती माणसाला विचारा, इंग्रजीत डिसोझा लिहिताना डी नंतरचा तो वरचा स्वल्पविराम किती ठिकाणी गाळावा लागतो. आणि आपल्या वऱ्हाडाचंच बघा. ‘वऱ्हाड’मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. एका तऱ्हेने लिहिलेला वऱ्हाडपांडे दुसऱ्या तऱ्हेने शोधला तर सापडत नाही. उर्दूत ‘करीम’चं तेच होतं. त्यातले काफ आणि ये अरबी कळफलकावर एका संकेताचे, उर्दू कळफलकावर दुसऱ्या. डोळ्यांना करीम एकच, यंत्राला दोन.

आमच्या कोराडीचं नाव घ्या. पायथन या लोकप्रिय संगणकभाषेच्या मूळ साधनात ‘शब्दातलं अक्षर’ यासाठी एक खूण आहे. त्या खुणेने ‘कोराडी’ तपासलं तर हाती येतात क, र, ड असे तीन सुटे तुकडे. काना, मात्रा, वेलांटी तिच्या हिशेबात अक्षरंच नाहीत. ‘नागपूर’ दिलं तर येतं न, गप, र. गप! जावास्क्रिप्टमध्ये तर तीच खूण देवनागरीचं एकही अक्षर ओळखत नाही. कुणी शाळेतली वर्णमाला आठवून चौकटी कंसात ‘क-ज्ञ’ लिहिलं, तर यंत्र त्यातून ‘क ते ज’, एक हलन्त आणि एक ञ एवढंच उचलतं, कारण ‘ज्ञ’ हे त्याच्यासाठी एक अक्षर नाही, जोडणी आहे. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. स्वरचिन्हं शब्दाचाच भाग धरावीत, हे युनिकोडच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. तेव्हा ‘तंत्राला जमत नाही’ ही सबब चालणार नाही. तंत्राला जमतं. करून घेणाऱ्याला गरज वाटत नाही.

यावर तीन उत्तरं ऐकू येतात.

पहिलं, सुरक्षेचं. विशेष चिन्हांतून कुणी घातक आज्ञा घुसवील. भीती खरी आहे, उपाय खोटा. आलेला मजकूर आज्ञेत मिसळू न देता वेगळा पाठवणं ही जुनी, रुळलेली पद्धत आहे. घराला कुलूप लावायचं सोडून पाहुण्यांची नावं कापणं याला सुरक्षा म्हणत नाहीत.

दुसरं, तोतयेगिरीचं. नाव तंतोतंत जुळलं नाही तर खरा माणूस ओळखायचा कसा? पण आधारच्याच प्रमाणीकरणाच्या तांत्रिक नियमांत तंतोतंत जुळणीबरोबर अंशतः जुळणीचीही सोय ठेवलेली आहे. जन्मतारीख आहे, क्रमांक आहे, बोटांचे ठसे आहेत. एवढं सगळं जुळूनही एका अनुस्वारासाठी माणूस परका ठरत असेल, तर शोध तोतयाचा चाललेला नाही.

तिसरं उत्तर आपल्याच मोहल्ल्यातून येतं: “सगळीकडे एकच स्पेलिंग ठेवा ना भाई!” नव्या बाळासाठी हा सल्ला चांगला आहे, मीही देतो. पण सल्ला वेगळा आणि अट वेगळी. ज्या आजोबांचं नाव तलाठ्याने, मुख्याध्यापकाने आणि रेशन दुकानदाराने आपापल्या कानाप्रमाणे लिहिलं, त्या लेखनाचा दंड नातवाने का भरायचा?

आणि दंड लहान नसतो. मुलाच्या १२ अंकी ‘अपार’ क्रमांकासाठी यू-डायस प्लसमधलं नाव आधारशी जुळावं लागतं. जुळलं नाही की बापाची मजुरी बुडते, प्रतिज्ञापत्र, राजपत्र, फेऱ्या सुरू होतात. आसामात ३१ ऑगस्ट २०१९ रोजी नागरिक नोंदणीची अंतिम यादी लागली तेव्हा १९ लाखांहून जास्त अर्जदार बाहेर राहिले. कारणं अनेक होती. कागदाकागदांवरच्या नावांतला फरक हे त्यांतलं एक होतं. जुळणी हा शब्द इतका जड होऊ शकतो.

नमुना बदलता येत नाही असंही नाही. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावानंतर आईचं नाव लावायचं ठरवलं. निर्णय चांगला आहे. त्याने हेही सिद्ध केलं की सरकारला वाटलं तर नावाचा साचा बदलतो. मग जिथे आडनावच नाही, त्यांच्यासाठी एक चौकट रिकामी ठेवायची मुभा द्यायला काय हरकत आहे?

मागण्या साध्या आहेत. ‘पूर्ण नाव, तुम्ही लिहिता तसं’ अशी एक चौकट हवी. तिच्यात कोणत्याही लिपीची अक्षरं, स्वरचिन्हं, टिंब आणि वरचा स्वल्पविराम चालायला हवेत. फरक आढळला तर अर्ज नाकारू नये, माणसाकडे तपासायला पाठवावा, आणि तपासायला मुदत असावी. मुख्याध्यापकाची सही हा पुरावा मानावा.

आणि एक काम आपलं. हे नमुने लिहिणाऱ्यांच्या शेजारी वर्णमाला शिकवणारे कधी बसत नाहीत. आता बसायला हवं. आपल्या मुलामुलींनीही हे नमुने लिहायला शिकावं. बारावीच्या मुलाला आठवड्याभरात जमेल इतकं ते सोपं आहे. वरचा सहा रूपांचा नमुना त्यांना द्या आणि सांगा, यात ‘मो.’सुद्धा बसवून दाखव. टिंबाआधीची तिरपी रेघ विसरू नकोस.