चंचल आणि स्वमग्न मुलें

वर्गांत एखादा विद्यार्थी क्षणभरही स्थिर बसत नाहीं. दुसरा घंटेच्या आवाजानें कान झांकून घेतो. पहिल्यास आपण उनाड म्हणतों, दुसऱ्यास घुमा. दोन्ही शब्द अन्यायाचे आहेत. डॉ. जॉर्ज स्टिल यांनीं १९०२ सालीं लंडन येथील व्याख्यानांत, बुद्धि असूनही स्वतःस आवरूं न शकणाऱ्या मुलांचें वर्णन केलें, डॉ. लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं अकरा मुलांवरून स्वमग्नतेचें केलें. हे भेद मेंदूच्या घडणींतील आहेत. आईच्या लाडाचा त्यांत दोष नाहीं. मग छडीनें काय साधणार? थोडक्या शब्दांतील सूचना, ठरलेला दिनक्रम, पुढील बांक, मधून मधून हालचाल, यांनीं मात्र बरेंच साधतें.

कोणी यास पक्षपात म्हणेल. परंतु सर्वांस एकाच मापाचा अंगरखा शिवणें हा न्याय नव्हे. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ सालच्या कायद्यांत स्वमग्नतेचा समावेश आहे. अतिचंचलतेचा स्वतंत्र उल्लेख नाहीं. तेव्हां तीं मुलें विशेषेंकरून आपल्या समजूतदारपणावरच अवलंबून आहेत. पालकहो, मुलास तज्ज्ञाकडे नेण्यांत लाज मानूं नका. विद्यार्थीहो, अशा सोबत्यास हंसूं नका. त्यास खेळांत घ्या.