रफी फक्त 31 जुलैचा?

आम्ही जालना जिल्ह्यातल्या उर्दू शाळेत शिकवतो. सकाळी शाळेची तयारी करताना रेडिओ लावायची सवय अब्बांकडून आमच्याकडे आली. परवाच्या 31 जुलैला, मोहम्मद रफींच्या स्मृतिदिनी, त्यावर 'शोधिसी मानवा' लागले. गीत वंदना विटणकरांचे, संगीत श्रीकांत ठाकरे यांचे. ते आम्ही नववीच्या वर्गात मोबाइलवर ऐकवले. एक मुलगा म्हणाला, "सर, रफीसाब मराठी में भी गाते थे क्या?"

दोष त्या मुलाचा नाही. त्याला हे कुणी ऐकवलेच नाही.

रफींनी ठाकरे यांच्याकडे हे एकच मराठी गाणे गायिले नाही. मग आमच्या कानावर दरवर्षी तेच एक का येते? बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, म्हणजेच शाहीर अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गवाणकरांबरोबर संयुक्त महाराष्ट्रासाठी गावोगाव गायिले. त्यांची आठवण 1 मे रोजीच का होते? मिरजेच्या मातीत विसावलेल्या उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी मराठी नाट्यपदांच्या तबकड्या दिल्या. 1937 साली ते गेले. त्या तबकड्या आज किती घरांना ठाऊक आहेत? आम्हाला दिनविशेषापुरते मुसलमान नकोत. मंगळवारी, बुधवारी, कुठल्याही साध्या दिवशी ही गाणी लावा. गायकाचे, कवीचे नाव सांगा.

"तुम्ही मराठी छान बोलता हं!" असे कौतुक आम्हाला अजून ऐकावे लागते. आपल्याच घरात पाहुण्यासारखे कौतुक! ज्यांच्या कानावर हे आवाज रोज पडले असते, त्यांना असे नवल वाटलेच नसते.

पण बोट फक्त बाहेर दाखवून कसे चालेल? "मराठी परीक्षेपुरती, पास झाले की बस," असे आपल्याच मोहल्ल्यात पालक आम्हाला सांगतात. गाणे ऐकावे की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. त्यात आम्ही पडत नाही. पण आपली माणसे या भाषेत काय करून गेली, हे मुलांपासून लपवणे कुठल्या श्रद्धेत बसते? उर्दू लिपीत 'ळ' नाही. आमची मुले शाळेला 'शाला' म्हणतात आणि बाहेर हसू होते, म्हणून मराठी बोलायचेच टाळतात. त्या गाण्यात 'ळ' आहे. चार वेळा ऐकल्यावर वर्ग तो न लाजता म्हणू लागला. जे काम आमच्या बी.एड.च्या पाठ-टाचणांनी केले नाही, ते एका जुन्या गाण्याने केले.

रेडिओ ऐकणाऱ्यांचे ऐकतो, हा इतिहास आहे. 1952 मध्ये केसकर माहितीमंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली. श्रोत्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावले. अखेर 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू करावी लागली. आपल्या अब्बा-चाचांनी फर्माइशीची पोस्टकार्डे लिहून लिहून रेडिओवाल्यांना भाग पाडले. आपण मात्र घरी बसून तक्रार करतो.

आमच्या नववीच्या मुलांनी फर्माइशी लिहिल्या आहेत. मराठीत. काही कार्डांवर 'ळ'चा 'ल' झालाय. आम्ही दुरुस्त केला नाही. तशीच पेटीत टाकली. बांधवांनो, तुमचे कार्ड कधी?