पट्टा कुठे अडकवायचा?

गेल्या दिवाळीला या सदरात आपण गच्ची नसलेल्या घरात पापड कसे वाळवायचे ते पाहिलं. यंदाचा प्रश्न त्याहून अवघड आहे. भाड्याच्या घरात, भिंतीला एकही भोक न पाडता, वस्तऱ्याला धार लावायचा चामड्याचा पट्टा कुठे अडकवायचा?

हसू नका. या प्रश्नानं आमचे तीन आठवडे खाल्ले.

माझे सासरे, अण्णा, जूनमध्ये सहा महिन्यांच्या व्हिसावर लीड्सला आले. साताऱ्यात त्यांचं ४० वर्षं सलून होतं. एड्सची धास्ती पसरल्यावर गिऱ्हाइकांसाठी अर्ध्या ब्लेडचा वस्तरा आला आणि जुना घडीचा वस्तरा अण्णांच्या स्वतःच्या दाढीपुरता उरला. तोच त्यांनी मोठ्या बॅगेत, धोतराच्या घडीत गुंडाळून आणला. पात्याच्या मुळाशी ‘शेफील्ड’ असं कोरलेलं आहे. हंट्समन नावाच्या घड्याळजीनं १७४० च्या सुमारास मुशीत पोलाद वितळवायची रीत बसवली ती त्याच भागात. आमच्या घरापासून आगगाडीनं जेमतेम तासभर. म्हणजे वस्तरा माहेरी आला म्हणायचा. अडचण झाली ती अण्णांची.

दुकानात पट्ट्यासाठी भिंतीत आकडा होता. इथे घरमालकाच्या करारात खिळासुद्धा मना. अण्णांनी दोन दिवस मुलाच्या रेझरनं दाढी केली, मग सोडूनच दिली. सोमवारी सलून बंद, म्हणून ते आजही सोमवारी दाढी करत नाहीत. आमच्याकडे सगळेच वार सोमवार झाले. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या हनुवट्या गुळगुळीत केल्या तो माणूस पांढरे खुंट वाढवून खिडकीशी बसू लागला. एके रात्री त्यांनी मुलाला विचारलं, “तिकिटाची तारीख अलीकडं घेता येती का रं?”

तेव्हा मी वही घेऊन त्यांच्यापुढे बसले. शिक्षिकेची सवय. म्हटलं, “अण्णा, पट्ट्याला जागा कशी लागते ते सांगा.” ते सांगत गेले, मी लिहीत गेले.

पहिली गोष्ट, आधार पक्का हवा. पट्टा एका हातानं ताणून धरायचा आणि दुसऱ्या हातानं वस्तरा त्यावर सपाट ठेवून फिरवायचा. पाठ पुढे, धार मागे. टोकाला पोचलं की वस्तरा पाठीवर उलटायचा, धारेवर कधीच नाही. “पट्टा ढिला पडला की धार गोल हुती बघ, पोरी. मग दाढी हुत नाही, सोलाटतं.” दाराची मूठ फिरते, म्हणून ती बाद. कपाट ओढलं की हलतं, म्हणून तेही बाद.

दुसरी, उंची. कोपर सहज वाकवल्यावर हात जिथे येतो तिथे पट्टा जवळजवळ आडवा राहिला पाहिजे. खांदा उचलावा लागला की मनगट वाकडं होतं आणि सगळा भार धारेवर जातो. टेपनं मोजलं. अण्णांसाठी जमिनीपासून ४१ इंच.

तिसरी, कोरडेपणा. इथल्या न्हाणीघरात वाफ कोंडते. चामडं ओल धरतं, पातं गंजतं. टॉवेल वाळवायची नळी गरम असते, तिच्यावर चामडं कडक होऊन तडकतं. म्हणजे न्हाणीघर बाद.

चौथी, मोकळीक आणि उजेड. पट्टा, हात आणि उभा माणूस धरून चार फूट तरी हवेत आणि कोपराला धक्का देणारं कुणी मागून जाता कामा नये. पायाशी जाड पायपुसणं. वस्तरा सुटलाच तर धार वाचते. झेलायला मात्र जायचं नाही, पाय मागे घ्यायचा.

एवढ्या अटी घेऊन घरभर हिंडले आणि जागा सापडली ती जिन्याच्या वरच्या टोकाला. कठड्याचा जाड लाकडी खांब तिथे जमिनीत रोवल्यासारखा घट्ट आहे. त्याच्या माथ्यावरच्या गोळ्याखाली खाच आहे, उंची बरोबर ४१ इंच. शेजारी खिडकी. खाचेत जुन्या पंचाची पट्टी गुंडाळली, म्हणजे रंग खरवडायला नको. त्यावर अण्णांच्याच बॅगेचा बेल्ट करकचून आवळला आणि बेल्टात आकडा अडकवला. जिना खांबाच्या पलीकडे राहतो, अण्णा अलीकडे, पाठ भिंतीकडे. आमची सहा वर्षांची लेक साडेआठला शाळेत जाते. वस्तरा त्यानंतरच उघडतो आणि दाढी झाली की पुसून, कोरडा करून कुलपात जातो.

पहिल्या दिवशी अण्णांनी वस्तरा काढलाच नाही. नुसता पट्टा ओढून पाहिला, दोनदा, तीनदा. मग म्हणाले, “हलत न्हाई.” दुसऱ्या दिवशी कापडी बाजूवर २० आणि चामड्यावर ४० फेऱ्या झाल्या. मी खाली भाजी चिरत होते, आवाज एका लयीत येत होता. तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही.

अण्णा डिसेंबरमध्ये जातील. वस्तरा आणि पट्टा त्यांच्याबरोबर जाणार. बॅगेला नवा बेल्ट घ्यायला सांगितलाय त्यांनी. जुना खांबालाच राहू दे म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात ज्यांचे आईवडील येणार आहेत त्यांना एकच सुचवते. पलंग, गरम कपडे, औषधं यांची यादी आपण करतोच. त्याच फोनवर विचारून घ्या, सकाळी उठल्यावर त्यांच्या हातात पहिल्यांदा काय असतं? फुलांची परडी, अडकित्ता, जपमाळ, काहीही असेल. ते ठेवायची आणि वापरायची जागा त्यांचं विमान उतरण्याआधी शोधून ठेवा. टेप सोबत घ्या.