कोब्रा म्हणजे मेडिकेअर नव्हे

माझे मामा न्यू जर्सीत राहतात. मे 2022 मध्ये, सदुसष्टाव्या वर्षी, ते एका मोठ्या कंपनीतून निवृत्त झाले आणि कंपनीचाच विमा कोब्राखाली पदरचे पैसे भरून अठरा महिने चालू ठेवला. विमा आहे, मग मेडिकेअरच्या पार्ट बीची घाई कशाला, असा त्यांचा हिशोब. भाचा कॉम्प्युटरवाला, म्हणून मला विचारलं. मीही न वाचता 'चालेल' म्हणालो.

चाललं नाही. नोकरी सुटल्यावर पार्ट बी घ्यायला आठ महिने मिळतात, आणि कोब्रा हा नोकरीचा विमा धरला जात नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये कोब्रा संपला तेव्हा कळलं, की आता अर्ज जानेवारीत आणि विमा फेब्रुवारीपासून. मधले दोन महिने मामी त्यांना बर्फ उपसायला अंगणात जाऊ देईना. शिवाय हप्त्यावर दहा टक्के दंड. तोही एकदाचा नाही, पार्ट बी असेपर्यंतचा.

नियम किचकट आहेतच. पण घराच्या कर्जाचा दर तोंडपाठ असणारे आपण लोक मेडिकेअरचा विषय 'दहा वर्षं टॅक्स भरलाय, फुकट मिळतं' एवढ्यावर सोडून देतो. फुकट मिळतो तो पार्ट ए, हॉस्पिटलचा. डॉक्टरांसाठीच्या पार्ट बीचा हप्ता 2025 मध्ये महिना 185 डॉलर होता, वर बिलाचे वीस टक्के आपल्या माथी, आणि त्याला कमाल मर्यादा नाही.

ते वीस टक्के मेडिगॅप उचलतो. पासष्टीनंतर पार्ट बी सुरू झाल्यापासून सहा महिने कंपनीला तो तब्येत न बघता द्यावाच लागतो. पुढे बहुतेक राज्यांत मधुमेह बघून नाही म्हणता येतं. चष्मा, दात, जिम देणारे अ‍ॅडव्हान्टेज प्लॅन जाहिरातीत छान दिसतात. पण थंडीत पुण्या-सांगलीला जाऊन राहणाऱ्यांना मी ते घ्या म्हणणार नाही. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर त्यातून साधारणपणे नाव कमी होतं. मूळ मेडिकेअर भारतातलं बिल देत नाही, मात्र मेडिगॅपचा प्लॅन जी प्रवासाच्या पहिल्या साठ दिवसांतल्या तातडीच्या उपचाराचे, 250 डॉलर आपण भरल्यावर, 80 टक्के देतो. आयुष्यभरात मिळून 50,000 डॉलरपर्यंत.

प्रत्येक राज्यात शिप नावाची मोफत सल्ल्याची सरकारी सोय आहे. निवृत्तीची तारीख ठरली की आधी तिथे फोन करा. भाच्याला नंतर विचारा.