शिक्षेच्या आधीचा अभ्यास

नोव्हेंबर २०१७ मध्ये अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, सत्र न्यायालयाने सहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल दिले. २३ तारखेला खर्डा प्रकरणात खटला चाललेले सर्व आरोपी निर्दोष सुटले. २९ तारखेला कोपर्डी प्रकरणातील तिघांना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. कोपर्डीच्या निकालावर गावोगावी बोलले गेले. खर्ड्याची चर्चा मात्र लवकरच विरली. आम्हांला हे दोन्ही निकाल एकत्र ठेवून वाचावेसे वाटतात.

कोपर्डीच्या शाळकरी मुलीला घटनेच्या दोनच दिवस आधी वाटेत छेडण्यात आले होते, असे सरकार पक्षाने न्यायालयात मांडले. खर्ड्याच्या सतरा वर्षांच्या दलित मुलाला २०१४ मध्ये शाळेच्या आवारातूनच मारत नेल्याचा आरोप होता. पुढे न्यायालयात एकामागून एक साक्षीदार उलटले. एके ठिकाणी धोक्याची खूण आधी दिसली होती, दुसरीकडे सत्य सांगणाऱ्याच्या पाठीशी कोणी नव्हते. फाशी झाली काय किंवा सुटका झाली काय, ही दोन मुले परत येणार नव्हती.

नेमका हाच भाग गुन्हेशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासात शिकवला जातो: धोका कसा ओळखावा, पीडिताशी कसे बोलावे, साक्षीदाराला कसे सांभाळावे, सुटून आलेल्या कैद्याचे पुढे काय करावे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत हा विषय अनेक दशके शिकवला जात आहे. तेथूनच १९८४ साली पोलीस यंत्रणेत महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू झाला आणि १९९० साली कारागृहांत काम करणारा ‘प्रयास’ हा प्रकल्प उभा राहिला. आपल्या नगर शहरातही समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाची सोय आहे. तरीही आपल्या धर्मग्रामांतील मुले-मुली नर्सिंग आणि डी.एड.च्या पलीकडे क्वचितच पाहतात, हे खेदाने म्हणावे लागते.

ख्रिस्तसभेलाही हा विषय परका नाही. ज्या येशूसंघीय धर्मगुरूंनी आपल्या जिल्ह्यात मिशन उभारले, त्यांच्याच रोममधील ग्रेगोरियन विद्यापीठात बालके व असुरक्षित व्यक्ती यांच्या संरक्षणाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली काढलेल्या आदेशानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या धर्मगुरूने व व्रतस्थाने ती वरिष्ठांना कळवणे बंधनकारक झाले. आपल्या देशाचा कायदा त्याहून पुढे जातो. २०१२ च्या पोक्सो कायद्याचे कलम १९ म्हणते की, गुन्हा घडल्याचे कळले तरच नव्हे, घडण्याची शक्यता वाटली तरीही पोलिसांना कळवावे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. धार्मिक संस्थेतील व्यक्तीने केलेला गुन्हा तर अधिक गंभीर मानला आहे. ‘घरातली गोष्ट घरात’ ही आपली जुनी सवय या कायद्यात बसत नाही, आणि ती सुटायलाच हवी.

पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे मुलांना आजी-आजोबांकडे नाहीतर वसतिगृहात ठेवून जातात. हरेगावला मतमाउलीच्या यात्रेत हजारो भाविक येतात, त्यांत लहान मुलेही असतात. वसतिगृहात रात्री कोण थांबते, यात्रेत हरवलेले मूल कोणाच्या हाती दिले जाते, तक्रार आली तर ती कोण लिहून घेते? हे साधे प्रश्न आहेत, पण त्यांची उत्तरे शिकलेल्या माणसाकडूनच नीट येतात.

अशा शिक्षणाला पुढे वाटही आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्षात समाजकार्याच्या पदवीधरांना काम मिळते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे बालकल्याण समितीवर जाण्यासाठी कायदा, मानसशास्त्र, समाजकार्य यांसारख्या विषयांतील पदवी, आणि तिच्या जोडीला बालकांच्या शिक्षण, आरोग्य वा कल्याणाच्या कामाचा सात वर्षांचा अनुभव किंवा त्या क्षेत्रातील व्यवसाय लागतो. धर्मग्राम परिषदांनी येत्या वर्षीच्या शिष्यवृत्तीतील एक जागा या अभ्यासासाठी राखावी, आणि ती प्रापंचिक मुलीला देता आली तर आम्हांला अधिक आनंद होईल.