आधी माणूस मोजा, मग कोनाडा



घरातील एखादी वस्तू बदलणे हे वरवर पाहता बाजारहाटाचे काम आहे. जुनी वस्तू काढावी, नवी आणावी, जागेवर ठेवावी. परंतु ज्या घरात सत्तरी-ऐंशी ओलांडलेली व्यक्ती राहते, त्या घरात टीव्हीसारखी रोजची वस्तू बदलताना थोडे थांबावे, हे मला माझ्याच चुकीतून उमगले. ती चूक आज आपल्यापुढे मांडतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हा प्रसंग आला असेल किंवा येऊ घातला असेल.

माझी आत्या लोहारा तालुक्यातील एका गावी मुलगा-सुनेसह राहते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा भूकंप या भागातील ज्येष्ठांना सांगावा लागत नाही. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. पुढे अनेक गावे नव्या जागी वसवली गेली. कुटुंबाच्या जमिनीनुसार 250, 400 किंवा 750 चौरस फुटांची घरे मिळाली. जुन्या घरांतील कोनाडे आणि देवळ्या गेल्या, पण भिंतीत वस्तू ठेवण्याची सवय गेली नाही. आत्याच्या यजमानांनी काही वर्षांनी पुढे एक खोली वाढवली, तेव्हा गवंड्याला सांगून तिच्या भिंतीत टीव्हीच्या मापाचा कोनाडा करवून घेतला. त्यात 21 इंची, पाठीमागे फुगीर असा जुन्या पद्धतीचा टीव्ही बसला आणि वीस वर्षांहून अधिक काळ तेथून हलला नाही.

गेल्या वर्षी त्या टीव्हीचे चित्र आक्रसू लागले आणि एके दिवशी नाहीसेच झाले. दुरुस्तीसाठी सुटे भाग मिळेनात. म्हणून मी 32 इंची सपाट टीव्ही घेऊन गेलो. कोनाड्याची रुंदी 66 सेंटिमीटर, नवा टीव्ही 73 सेंटिमीटर. तो आत जाईना. घरी गेल्यावर हे कळले, कारण निघण्यापूर्वी कोणाला माप विचारण्याचे मला सुचले नव्हते. अखेर बसवणाऱ्या मुलाने सुचवल्याप्रमाणे कोनाड्याच्या वर, भिंतीला छिद्रे पाडून तो टांगला. खोली प्रशस्त दिसू लागली. सर्वांना आनंद झाला.

पंधरा दिवसांत आत्याने टीव्ही पाहणे सोडले. नवरात्रात तुळजापूरचे दर्शन लावले, तरी ती आतल्या खोलीत बसून राहिली. “तुमचं तुम्ही बघा. मला आता नको वाटतंय,” एवढेच म्हणाली. वहिनींना वाटले, वयोमानाने रस कमी झाला असेल. दादाला शंका आली की विसरभोळेपणा सुरू होत आहे. मीही फोनवर मान डोलावली.

दिवाळीत गेलो, तेव्हा एका संध्याकाळी सहज तिच्या ठेंगण्या बाजेवर बसलो आणि समोर पाहिले. मान मागे टाकल्याशिवाय पडदा दिसत नव्हता. समोरच्या खिडकीचा उजेड पडद्यावर चमकत होता. आवाज मोठा होता, पण शब्द भिंतीत जिरल्यासारखे येत होते. रिमोट दोन होते आणि दोहोंवरची अक्षरे मलाही चष्म्याशिवाय वाचता येत नव्हती. आत्याचा रस कमी झालेला नव्हता. आम्हीच तिला तिच्या टीव्हीपासून दूर केले होते.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. अशा वेळी आधी पाहणारे माणूस मोजावे, मग भिंत. डोळा, मान, कान आणि हात, या क्रमाने ते कसे करावे ते पाहू.

डोळा आणि मान. ज्येष्ठ व्यक्ती नेहमी जेथे बसते, तेथे तिला बसवून जमिनीपासून डोळ्यांपर्यंतची उंची मोजावी. खुर्चीवर ती साधारण 100 ते 115 सेंटिमीटर भरते. ठेंगण्या बाजेवर किंवा जमिनीवर बरीच कमी. पडद्याचा मध्य या उंचीला किंवा तिच्या किंचित खाली असावा. दुकानांत आणि उपाहारगृहांत टीव्ही उंचावर असतो, कारण तेथे माणसे उभी असतात किंवा दूर बसलेली असतात. घरात तासन् तास मान वर करून बसल्यास मानेचे स्नायू आखडतात आणि काहींना भोवळही येते. दुभिंगी चष्मा असेल तर त्रास आणखी वाढतो. खालच्या भिंगातून दूरचे अस्पष्ट दिसते, म्हणून माणूस नकळत हनुवटी वर-खाली करत राहतो.

मोतीबिंदू होत असलेल्या डोळ्यांना चमक फार त्रास देते. पडद्यावर खिडकीचे प्रतिबिंब पडत असेल तर साधा पडदा लावावा. रात्री पूर्ण अंधारात टीव्ही पाहू नये, खोलीत मंद दिवा असावा. नव्या टीव्हीची उजळता दुकानातील झगमगाटासाठी वाढवलेली असू शकते. घरी ती कमी करून घ्यावी. आणि चित्र अंधूक दिसते अशी तक्रार राहिलीच, तर दोष टीव्हीला देण्यापूर्वी डोळे तपासून घ्यावेत.

येथे आकाराचा एक हिशेब ध्यानात ठेवण्याजोगा आहे. इंच हे पडद्याच्या कर्णाचे माप असते. जुना 21 इंची पडदा सुमारे 43 सेंटिमीटर रुंद आणि 32 सेंटिमीटर उंच होता. नवे पडदे रुंदट असतात, म्हणून 24 इंची नव्या पडद्याची उंची 30 सेंटिमीटरच भरते. म्हणजे 24 इंची टीव्ही मोठा वाटला, तरी बातम्या सांगणाऱ्याचा चेहरा जुन्या टीव्हीएवढाच किंवा त्याहून थोडा लहान दिसतो. दृष्टी मंदावलेल्या व्यक्तीसाठी 32 इंची बरा. त्याचा पडदा सुमारे 71 सेंटिमीटर रुंद आणि 40 सेंटिमीटर उंच असतो आणि पाच ते सात फुटांवरून तो सुखाने पाहता येतो. जुन्या पद्धतीचे चित्र ताणून माणसे बुटकी व जाड दिसत असतील, तर चित्राच्या आकाराची मांडणी बदलावी, चेहरे पूर्ववत होतात.

कान. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार साठीपुढील चारांपैकी एकाहून अधिक व्यक्तींना दैनंदिन व्यवहारात अडथळा आणणारी श्रवणहानी असते. वयानुसार प्रथम उंच पट्टीचे ध्वनी हरवतात. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ यांसारखी अक्षरे याच पट्टीतील. म्हणून आजोबा “ऐकू येते, पण कळत नाही” असे म्हणतात ते अक्षरशः खरे असते. आवाज वाढवून हा प्रश्न सुटत नाही, घरातील इतरांचे कान मात्र दुखतात.

जुन्या टीव्हीचे ध्वनिक्षेपक बहुधा समोर तोंड करून असत. सपाट टीव्हीत जागा नसल्याने ते खाली किंवा पाठीमागे असतात. असा टीव्ही खोल कोनाड्यात ठेवला तर आवाज आतच घुमतो. त्यावर उपाय दोन. टीव्ही कोनाड्याच्या तोंडाशी, पुढे आणून ठेवावा आणि शक्य झाल्यास एक लहान ध्वनिक्षेपक ज्येष्ठांच्या बाजेजवळ ठेवावा. त्याआधी कान तपासून घ्यावेत. आत्याच्या एका कानात मळ घट्ट बसला होता. डॉक्टरांनी तो काढताच निम्मे काम झाले. घरी काडी घालून मळ काढण्याच्या फंदात पडू नये, तो आणखी आत जातो. उरलेल्या कमतरतेसाठी श्रवणयंत्र सुचवले तर लाज बाळगू नये. चष्म्याची आपण बाळगत नाही.

हात. थरथरणाऱ्या किंवा संधिवाताने आखडलेल्या बोटांना रिमोटवरची चाळीस बटणे काय कामाची? रोज लागतात ती मोजकीच: चालू-बंद, आवाज आणि वाहिनी पुढे-मागे. या बटणांवर रंगीत पट्टीचा तुकडा चिकटवावा. रंगीत बटणापेक्षा बोटाला लागणारा उंचवटा अधिक उपयोगी, म्हणून चालू-बंदच्या बटणावर गोंदाचा एक वाळलेला थेंबही पुरतो. दुसरा रिमोट दृष्टिआड ठेवावा. चुकून बटण दाबले जाऊन पडदा निळा झाला तर काय करायचे, ते मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून ठेवावे. “तुम्हाला किती वेळा सांगायचे?” हे वाक्य त्या पुठ्ठ्यामुळे टळते.

मग कोनाडा. आता भिंतीकडे वळावे. रुंदी, उंची आणि खोली या तिन्ही मापांची चिठ्ठी खिशात घेऊन दुकानात जावे. टीव्हीचे पाय दोन टोकांना असतील तर त्यांतील अंतरही मोजावे. पडदा मावतो, पण पाय मावत नाहीत असे घडते. हवा खेळण्यासाठी चारही बाजूंनी दहा सेंटिमीटर मोकळे सोडावे. मागे उरलेल्या पोकळीत कपडे, कागद, औषधे कोंबू नयेत. दगडमातीच्या जुन्या भिंतीत खिळे-स्क्रू धरत नाहीत. अशा भिंतीवर जड वस्तू टांगण्याआधी जाणत्या गवंड्याला दाखवावे. वायर वाटेत लोंबू देऊ नये. घरातल्या घरात पडून खुब्याचे हाड मोडणे ही ज्येष्ठांच्या बाबतीत मोठी आपत्ती असते.

आमच्या घरी सुताराने कोनाड्याच्या तोंडावर जाड फळी घट्ट बसवली, हवेसाठी तिला वर-खाली फटी ठेवल्या आणि टीव्ही त्या फळीवर लावला. पडद्याचा मध्य आत्याच्या डोळ्यांच्या रेषेत आला.

तरीही एक गोष्ट राहिली होती आणि ती मोजपट्टीने सापडली नाही. जुन्या टीव्हीच्या माथ्यावर क्रोशाचा रुमाल होता आणि त्यावर आत्याच्या यजमानांचा फोटो. दिवेलागणीला ती फोटो पुसायची, उदबत्ती ओवाळायची आणि मग टीव्ही लावायची. सपाट टीव्हीला माथा नसतो. आम्ही तो फोटो आतल्या खोलीत नेला होता आणि ती फोटोमागे आत गेली होती. सुताराने टीव्हीशेजारी हातभर रुंदीची मांडणी ठोकली. त्या संध्याकाळी फोटो बाहेर आला आणि त्याच्यामागून आत्याही.

पाहणे किती आणि कसे. टीव्ही सोयीचा झाला म्हणजे बसणे वाढते, हेही ध्यानात असावे. बराच वेळ पाय लोंबते ठेवल्यास सूज येते. दर अर्ध्या तासाने उठून दारापर्यंत जाऊन यावे. जाहिरातींचा काळ यासाठी उत्तम. 65 वर्षांपुढील व्यक्तींनी आठवड्यात किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अर्थात ज्याची त्याची प्रकृती पाहून, डॉक्टरांच्या सल्ल्याने.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी पडदा थोडा उंच व खाली झुकलेला चालतो. पण टीव्ही पाहता पाहता त्याला आडव्या स्थितीत भरवू नये, ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला पडद्यावरची माणसे घरातच आली आहेत असे वाटू शकते. तेथे वाद घालू नये. मारामारीच्या मालिका आणि आरडाओरड्याच्या चर्चा बंद करून भजन, कीर्तन, जुनी गाणी लावावीत. आणि पूर्वी आवडणारा कार्यक्रम एखाद्याने अचानक सोडला, तर ‘वय झाले’ म्हणण्यापूर्वी डोळे, कान आणि बसण्याची जागा तपासावी. या तिन्ही गोष्टी ठीक असूनही मन लागत नसेल, तर मात्र डॉक्टरांशी बोलावे. ते उदासीनतेचे लक्षण असू शकते.

जुन्या टीव्हीचे काय करावे? तो उघडू नये. वीज बंद केल्यावरही त्याच्या चित्रनळीत जीवघेणा भार साठून राहू शकतो आणि तिच्या काचेत शिसे असते. तांब्याच्या तारेसाठी भंगारात नळी फोडली जाते, ते विष शेवटी मातीत जाते. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तू नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्रांकडे जाणे अपेक्षित आहे. विक्रेत्याकडे किंवा नगरपालिकेत चौकशी करावी. 21 इंची जुना टीव्ही वीस किलोंहून अधिक भरतो. तो उचलण्याचे काम घरातील ज्येष्ठांनी मुळीच करू नये आणि काढून ठेवलेला टीव्ही स्टुलावर, नातवंडांच्या वाटेत ठेवू नये.

शुश्रूषा करणाऱ्या वाचकांना एवढीच विनंती आहे. आज संध्याकाळी टीव्ही सुरू असताना आपल्या घरातील ज्येष्ठांच्या जागेवर दहा मिनिटे बसावे, त्यांच्या उंचीवरून पाहावे आणि ऐकावे. आणि ज्येष्ठ वाचकांनो, “मला आता नको वाटतंय” असे म्हणण्याआधी “मला येथून दिसत नाही” हे एकदा स्पष्ट सांगावे. मुलांना ते आपोआप कळत नाही. मलाही कळले नव्हते.